दोन तांब्यांची तूट

कोणाच्या घरात पाणी वाया जातं ते शोधून काढणं ही माझी नोकरी. आणि आमच्या प्रभागात सगळ्यात जास्त पाणी कोणाच्या घरातून नाहीसं होत होतं, तर माझ्या! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाल्कनीत फेऱ्याचं, म्हणजे घरचंच पाणी पुन्हा फिरवणाऱ्या यंत्राचं, कपाट आहे. त्याच्या दारावरची पट्टी रोज सकाळी लाल व्हायची आणि तिच्यावर एकच शब्द उमटायचा, ‘तूट’. शेजारी आकडा. घरगुती भाषेत सांगायचं तर दिवसाला दोन तांबे, कधी अडीच.

“माय, तुळशीला कोणी पाणी घातलं?” मी ओरडले.

“कुठली तुळस?” आतून आवाज आला. “कुंडी उचलून तूच खाली बागेत ठिवून आलीस की.”

ते खरं होतं. रागाच्या भरात मी विसरले होते.

“मग चिमण्यांच्या भांड्यात?”

“ते भांडं बी तूच उचललंस,” माय म्हणाली. “चिमण्या येऊन कठड्यावर बसायल्यात अन् माझ्याकडं बघायल्यात. काय तोंड दाखवू त्यायला?”

दिगंबर, म्हणजे माझा नवरा, चहाचा कप हातात धरून लाल पट्टीकडं बघत उभा होता. त्याचं बसस्टँडजवळ भाड्याच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. स्कूटरवाल्यांच्या रिकाम्या बॅटऱ्या घ्यायच्या आणि भरलेल्या द्यायच्या. माणूस असा, की घराला आग लागली तरी आधी शांतपणे चप्पल शोधेल.

“दोनच तांबे तर आहेत,” तो म्हणाला.

“दोनच? आणि रोज? ऑफिसात सगळे मला विचारतात, मॅडम, तुमच्या घरात विहीर उलटी खोदलीय का? लोकांच्या घरात जाऊन मी कोणत्या तोंडानं बोलू?”

“नेहमीच्याच,” दिगंबर म्हणाला आणि कप ठेवून दुकानात निघून गेला.

ज्यांच्या गावात अजून नळाला पाणी येतं त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडचं धरण लागोपाठ काही उन्हाळे तळाला गेलं, तेव्हा परभणीनं आधी एक मोठं सामायिक केंद्र बांधून पाहिलं. गावाचं सगळं सांडपाणी एका ठिकाणी आणायचं, शुद्ध करायचं आणि परत घरोघरी द्यायचं. पाणी असं निघालं की प्रयोगशाळेला त्यात नावं ठेवायला जागा सापडेना. पण लोक ते पिईनात. त्यात कोणाकोणाचं पाणी येतं, असं विचारायचे. तोंडावर आरोग्याचं नाव असायचं, पण तो प्रश्न आरोग्याचा नव्हता. आमच्याकडं कोणाला कोणाचं पाणी चालत नाही हे कळायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. लोकांनी ते पाणी गाड्या धुवायला वापरलं आणि प्यायला बाटल्या आणल्या. केंद्र बंद पडलं.

मग कोणीतरी डोकं चालवलं. प्रत्येक घराला स्वतःचा फेरा. तुमच्याच घरातलं पाणी, तुमच्याच कपाटात शुद्ध होऊन, तुमच्याच नळाला. शेजाऱ्याचा थेंब त्यात नाही. आणि काय सांगू, ज्यांनी सामायिक पाण्याला नाकं मुरडली होती त्यांनीच फेऱ्यासाठी रांगा लावल्या. आपलं ते आपलं! जगात जर्मनी, भारतात परभणी असं आमच्याकडं चेष्टेनं म्हणतात, पण फेरा बघायला खरोखरच जर्मनीची माणसं येऊन गेली.

कपाटाच्या आत काय चालतं ते मी इतक्या घरांत समजावून सांगितलंय की झोपेतसुद्धा सांगेन. मोरी, सिंक, वॉशिंग मशीन, संडास, सगळ्यांचं पाणी खालच्या कप्प्यात येतं. तिथं जंतू पोसलेले असतात, ते घाण खाऊन टाकतात. मग पाणी जोर लावून एका पडद्यातून ढकललं जातं. त्या पडद्याची भोकं इतकी बारीक, की पाण्याचा रेणू तेवढा अंग चोरून पलीकडं जातो. मीठ, साखर, औषधं, रोगजंतू, सगळे अलीकडं अडकतात. वर अतिनील प्रकाशाचा मारा, आणि शेवटी पाणी अगदीच बेचव लागू नये म्हणून चिमूटभर क्षार. हवेतली वाफसुद्धा सुटत नाही. स्वयंपाकघरातला आणि कपडे वाळवायच्या कपाटातला ओलावा पंखा ओढून घेतो आणि थंड नळीवर त्याचं पुन्हा पाणी होतं. कुकरच्या शिट्टीतलं पाणीसुद्धा वाया जात नाही.

दर जूनमध्ये प्रत्येक घराला एकदा टाकीभर पाणी मिळतं. त्याला भरण म्हणतात. ते पुढच्या जूनपर्यंत फिरवायचं. आता माणूस म्हणजे तरी काय, चालतीबोलती टाकीच. तांब्याभर पाणी प्यायलं तर ते लघवीतून, घामातून, श्वासातून तेवढंच बाहेर येणार. भाजीतून आणि दुधातून थोडं पाणी घरात येतं, पोटातली भात-भाकरी शरीरात जळते तेव्हाही थोडं नवं पाणी तयार होतं. कोणी घरी पिऊन ऑफिसात सोडतो, कोणी ऑफिसात पिऊन घरी सोडतो. सगळं मिळून हिशेब जवळजवळ बरोबर जुळतो. निसर्गात पाणी हरवत नाही. ते फक्त दुसरीकडं जातं.

या फेऱ्यानं आमच्या रीतिभाती पार बदलल्या. पूर्वी पाहुणा निघाला की घरची बाई कुंकू लावायची. आता चहा झाला की यजमान प्रेमानं म्हणतात, “अहो, असे कसे निघता? जाऊन तर या. बाथरूम डाव्या हाताला.” आणि पाहुणा संकोचानं जाऊन येतो. जो न जाताच निघतो त्याच्याबद्दल मागून बोललं जातं, की खाऊनपिऊन गेला, ठेवून काही गेला नाही. दारात सडा घालणं बंद झालं, सूर्याला अर्घ्य लोक परातीत देतात आणि परात सिंकमध्ये ओततात.

असं सगळं असताना माझ्या घरात रोज दोन तांब्यांची तूट. तीही दिवाळीपासून. म्हणजे माय राहायला आली तेव्हापासून, पण तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही. घरात एक माणूस वाढलं की हिशेब बसायला वेळ लागतो, असं मी स्वतःलाच समजावलं.

माय म्हणजे माझी आई, अनसूयाबाई. जिंतूरकडच्या खेड्यात एकटी राहायची. बाबा गेले, तिचे गुडघे गेले, आणि भाऊ मला नाही. मी एकुलती एक. शेवटी जबरदस्तीनं तिला घेऊन आले. ती मोबाइलवरून बँकेचे व्यवहार करते, व्हिडिओ बघून नवनवीन भजनं पाठ करते, माझ्या नोकरीतले नियम मलाच विचारते. पण दिगंबर घरात आला की डोक्यावर पदर येतो आणि बोलणं बंद होतं. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगते. “वैजू, जावईबापूला म्हणावं भाकरी गरम हाय.” जावईबापू हातभर अंतरावर बसलेले असतात. तो तिला मामी म्हणतो, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात, आणि तोही भिंतीलाच म्हणतो, “मामींना सांग, पोट भरलं.” मी वैजयंता, दोघांमधली भिंत.

तर मी तपासणीला लागले. सगळ्या नळांना मापकं बसवली. नळीच्या सांध्यांना कान लावणारी यंत्रं लावली, गळती असेल तर त्यात बारीक सूं असा आवाज येतो. काही नाही. भिंतीतली ओल मोजली, काही नाही. दिगंबर घरच्या पाण्यानं बॅटऱ्या पुसतो असा मला संशय आला, त्यावरून आमचं एवढं वाजलं की तो दोन दिवस बोलला नाही. अर्थात तो एरवीही बोलत नाही, त्यामुळं ते कळायलाच मला दोन दिवस लागले.

मापकांनी जे सांगितलं त्यानं तर मी वेडी व्हायची बाकी राहिले. पाणी कुठंही गळत नव्हतं. पाणी प्यायलं जात होतं. नीट, सरळ, प्यायच्या नळातून. आणि परत येत नव्हतं.

“पाणी पितंय कोण मग?” मी जेवताना विचारलं.

“घरातली माणसं पितात पाणी,” दिगंबर म्हणाला.

“वैजू, जावईबापूला म्हणावं बरोबर बोलायलेत,” माय भिंतीला म्हणाली.

मी ताटावरून उठले.

त्यात मायचं देवदर्शन. गुडघ्यांनी तिला घरातल्या घरात धड चालता येत नव्हतं, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. तरी ही बाई मारुतीच्या देवळात सकाळी जायची, जेवणाआधी जायची, चहानंतर जायची, दिवेलागणीला जायची. कठडा धरून एकेक पायरी. चेहरा ओढलेला, कपाळावर घाम.

“माय, त्या मारुतीला जरा उसंत दे गं,” मी म्हणाले. “एकदा गेलीस तर देव काय नाही म्हणतो?”

“माझं मी बगते. तू तुझी पट्टी बग.”

“आणि पाणी का ठेवलंस ग्लासात? अर्धंच प्यायलीस.”

“तूच म्हणतीस ना, वाचवा?”

लोकांना पाणी वाचवा सांगून माझा घसा कोरडा पडला होता, आणि घरात एकजण माझं ऐकत होतं तर मी तिच्यावरच डाफरत होते.

एप्रिलच्या ऐन दुपारी मी जेवायला घरी आले तर माय गोधडी पांघरून कुडकुडत होती. बाहेर अंगाची लाही आणि हिला थंडी. डोळे तांबडे, जीभ कोरडीठाक, मला ओळखायलाही तिला क्षणभर लागला. मी घाबरून दिगंबरला फोन केला. तो मात्र त्या दिवशी चप्पल शोधत बसला नाही. त्यानं मायला उचलून तीन मजले खाली आणलं.

डॉ. सायमा आमच्याच गल्लीतल्या. सलाईन लावलं, तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेतलं. “लघवीच्या जागी जंतूंचा मोठा संसर्ग आहे. किडनीपर्यंत गेलाय. शरीरात पाणीच नाही. आज आणलंत म्हणून बरं, दोन दिवसांनी आणलं असतं तर मी काही सांगू शकले नसते.” मग त्या मायच्या खाटेपाशी गेल्या. “मावशी, खरं सांगा. लघवी धरून ठेवता का तुम्ही?”

माय भिंतीकडं बघायला लागली.

आणि माझ्या डोक्यात हिशेब जुळला. पाणी प्यायलं जातंय, परत येत नाहीये. निसर्गात पाणी हरवत नाही, ते दुसरीकडं जातं. देवळामागं एक जुना, खड्ड्याचा संडास आहे. गावातल्या सगळ्या गटारी बुजवल्या, पण तो देवस्थानाचा म्हणून तेवढा राहिला. मारुतीचा त्यात काही संबंध नव्हता. माझी आई घरात प्यायलेलं पाणी तीन मजले उतरून तिथं नेऊन टाकत होती. आणि खेपा कमी व्हाव्यात म्हणून पाणी पिणंच कमी करत होती. आणि रात्री? रात्री ती ते धरून ठेवत होती.

डॉक्टर गेल्यावर मी तिच्या उशाशी बसले. रडू येत होतं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

“माय, किळस येते का तुला फेऱ्याची? अगं, किती वेळा सांगितलं मी. त्या पडद्यातून काही येत नाही. पावसाच्या पाण्याहून स्वच्छ आहे ते.”

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तू सांगितलेलं समदं ध्यानात हाय माझ्या. रेणू का काय तो अंग चोरून जातोय. मी पिते की ते पाणी. कवा न्हाई म्हणले का?”

“मग?”

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

“मग काय, माय? बोल की!”

“तुमचं मी पिते,” ती हळूच म्हणाली. “लेकराबाळांचं असतंय ते. त्याचं काय एवढं? पर माझं... जावयानं प्यावं व्हय?”

मी तिच्याजवळ आणखी सरकले.

“लेकीच्या दारात राहायची येळ आली माझ्यावर,” ती सांगत होती. “जावयाचं खाते, जावयाच्या छपराखाली निजते. त्यायला द्यायला माझ्यापाशी काय हाय? अधिक महिन्यात पाय धुतले त्यांचे, ताटभर अनारसे दिले, हातानं केलेले. आन आता हे द्यावं? सकाळी चहाचा कप घेऊन बसतेत ते माझ्यासमोर. माझ्यानं बगवत न्हाई.”

“अगं, पण ते तुझं राहतच नाही ना! तो नुसता पाण्याचा रेणू...”

“तुझ्या रेणूला जावई हाय का?”

आता यावर कोणतं शास्त्र सांगू? प्रभागातल्या हजार शंकांची उत्तरं मला पाठ होती, पण ही शंका नव्हतीच. तिचा पडद्यावर पूर्ण विश्वास होता. पाणी शुद्ध आहे हे तिला माझ्याइतकंच मान्य होतं.

“आणि आंघोळीचं चालतं का तुझ्या जावयाला?” मी चिडून विचारलं.

“ते येगळं.”

“कसं वेगळं?”

“येगळं म्हणजे येगळं!” सलाईनच्या नळीसकट हात झटकून ती म्हणाली.

बाहेर बाकावर दिगंबर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना मध्येच मला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा संताप आला. संडासाची नळी फेऱ्यातून बाहेर काढून द्यायची म्हटलं तरी सोडणार कुठं? बाहेर गटारच नाही. आणि तिला पुन्हा गावी पाठवणं म्हणजे तिथं एकटीला मरायला सोडणं. डॉक्टरनी बजावलं होतं, भरपूर पाणी प्यायचं, लागली की लगेच जायचं, पुन्हा असं झालं तर किडनी जाईल.

दिगंबरनं सगळं ऐकून घेतलं. “मला काही वाटत नाही, असं सांगू का त्यांना?”

“सांगून बघ.”

त्यानं घरी आल्यावर सांगितलं. माय भिंतीला म्हणाली, “त्यायला वाटत न्हाई, मला वाटतंय.” मग दिगंबर पुढं झाला. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा भिंत सोडून थेट तिच्याशी बोलला.

“मामी, तुम्ही निर्धास्त घरातच जात जा. मी आजपासून पाणी दुकानातच पीत जाईन. तिकडं बाटल्यांचं पाणी येतं. चहा-जेवणही तिकडंच, शेजारी खानावळ आहे. या घरातला थेंब माझ्या पोटात जाणार नाही. मग तर झालं?”

मला वाटलं हा टोमणा मारतोय. पण नाही! माणूस मनापासून बोलत होता. सासूचा मान राखायचा एवढाच मार्ग त्याला सापडला, आणि तो त्या मार्गानं निघालासुद्धा. मायच्या डोळ्यांत पाणी आलं. “देवमाणूस हाय,” ती मला म्हणाली, आणि काठी टेकत सरळ बाथरूममध्ये गेली. आमच्या घरात राहायला आल्यापासून त्या कामासाठी पहिल्यांदा.

मी दोघांकडं बघून कपाळाला हात लावला.

माय बरी होऊ लागली. पाणी प्यायला लागली, तोंडावर तजेला आला, मारुतीला विश्रांती मिळाली. आणि आमच्या बाल्कनीतली पट्टी हिरवी झाली. हिरवी! दिगंबर पाणी बाहेर पीत होता आणि सोडत घरी होता, त्यामुळं आता घरात रोज पाणी वाढत होतं. पट्टीवर शब्द आला ‘शिल्लक’, आणि मागोमाग ऑफिसातून सर्वांना संदेश गेला, की निरीक्षक वैजयंताताईंच्या घराचा आदर्श प्रभागानं घ्यावा. लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. एका घरात एक माणूस तहानलेला राहतो म्हणून हा आदर्श! मी फोन बंद करून उशीखाली सारला.

कारण मे महिना आला होता. दिगंबर दुकानातून यायचा तेव्हा शर्टाला मिठाचे पांढरे पट्टे असायचे, ओठ फुटलेले. हातपाय धुवायचा आणि पंख्याखाली बसायचा. आमच्या घरात कोणी उन्हातून आलं की माय आपोआप उठते, तांब्या भरते. ती उठायची. तांब्या हातात घ्यायची. मग आठवायचं, आणि तांब्या तसाच परत ठेवायची. रोज हेच. तिनं एके दिवशी त्याच्या आवडीचं पिठलं केलं, लसणाची फोडणी अशी की जिन्यात वास. तो म्हणाला, “जेवण झालंय माझं.” खानावळीच्या तिखटानं त्याचं पोट बिघडलेलं मला माहीत होतं. तिनं स्वतःच्या ताटातलं पिठलं तसंच ठेवलं.

“आता का जेवत नाहीस?” मी विचारलं.

“घरचा धनी बाहेर खायलाय अन् मी इथं गिळू?”

“मग त्याला सांग ना, घरी जेवा म्हणून!”

“कसं सांगू?”

“तोंडानं!” मी किंचाळले. “एक पीत नाही, दुसरी पिऊ देत नाही. तो तुझा मान राखतोय, तू त्याचा मान राखतेस, आणि या मानापानात माझ्या डोळ्यांसमोर आधी तू वाळलीस, आता तो वाळतोय! मला तुमच्या दोघांत राहायचंच नाही. मीच जाते जिंतूरला!”

मायनं ताट उचलून आत नेलं. दिगंबर चप्पल घालून खाली फिरायला गेला.

त्याच आठवड्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे दिगंबरची मोठी बहीण, गंगाखेडला असतात. परभणीत एका लग्नाला आल्या होत्या, जाता जाता भावाकडं डोकावल्या. मी पाणी दिलं, सरबत दिलं. गप्पा चालल्या होत्या तेवढ्यात दिगंबर आला, घामानं निथळत. अक्कांनी ट्रेमधला ग्लास उचलून त्याच्यापुढं केला.

“घे रे. काय ऊन आहे बाहेर!”

“नको अक्का. दुकानातनं पिऊन आलो.”

“पिऊन आला म्हणून काय झालं? घरात आल्यावर घोटभर तरी घेतात.”

“नको म्हणलं ना.”

“मग सरबत घे.”

“तेही नको.”

अक्कांनी ग्लास खाली ठेवला. त्यांनी त्याच्या फुटलेल्या ओठांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग कोपऱ्यात बसलेल्या मायकडं. “दिगू,” त्या म्हणाल्या, “तू स्वतःच्या घरचं पाणी पीत नाहीस?”

आमच्याकडं माणूस एखाद्या घरचं पाणी सोडतो ते एकाच कारणानं. त्या घराशी संबंध तोडायचे असतात तेव्हा. अक्कांच्या चेहऱ्यावर तेच स्पष्ट दिसत होतं. सासूला घरात आणून बसवलं आणि माझ्या भावाला घर परकं झालं, असं त्यांच्या मनात आलं असणार. आणि त्या जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत ते सांगणार हेही मला माहीत होतं. माझ्या तोंडावर सगळं आलं होतं, पडदा, रेणू, तूट, शिल्लक. पण खरं सांगितलं असतं तर मायची लाज चव्हाट्यावर आली असती, आणि खोटं काय सांगावं ते सुचेना.

“पोट बरं नाही माझं,” दिगंबर म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही. ते अक्कांनाही लहानपणापासून ठाऊक असावं.

तेवढ्यात माय उठली. काठी न घेता, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. प्यायच्या नळाचं पाणी तांब्यात पडताना ऐकू आलं. ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि दिगंबरसमोर उभी राहिली. डोक्यावर पदर होता, पण मान वर होती.

“घ्या,” ती म्हणाली. भिंतीला नाही, त्याला.

“मामी, राहू द्या...”

“घ्या म्हणते मी. ह्या घरात उन्हातनं आलेलं माणूस कोरडं बसत न्हाई.”

तांब्यातलं पाणी डुचमळत होतं. दिगंबरनं तिच्याकडं पाहिलं. मग उठून दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. गटागटा, न थांबता. माय बघत होती. मला वाटलं ती नजर फिरवेल, पण तिनं एकेक घोट त्याच्या गळ्याखाली उतरताना पाहिला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तो पीत राहिला तसतसे ते हळूहळू सैल पडले.

“काय गं बाई,” अक्का म्हणाल्या, “एवढं काय आहे त्या पाण्यात?”

आयुष्यात पहिल्यांदा मी या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

“काई न्हाई अक्का,” माय म्हणाली. “घरचंच हाय.”

आणि गुडघ्यावर हात ठेवून ती वळली, हळूहळू चालत बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.

दिगंबरनं रिकामा तांब्या माझ्यापुढं धरला. “वैजू,” तो म्हणाला, “अजून आण.”